संच बदलतो तेव्हा : रॉक आणि मेटल बँडांतील सदस्यबदलांचा विचार

रॉक संगीतातील बँड ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेली एक विलक्षण संस्था आहे. चार-पाच जण एकत्र येतात, आपली गाणी आपणच रचतात, आपणच वाजवतात आणि एका सामायिक नावाखाली ती लोकांपुढे मांडतात, एवढे साधे तिचे स्वरूप दिसते. परंतु रचनाकार, वादक, निर्माता आणि व्यवस्थापनाचा भागीदार या सगळ्या भूमिका त्याच चार-पाच माणसांत एकवटलेल्या असल्यामुळे त्यांपैकी एक जण जरी निघून गेला तरी केवळ एक जागा रिकामी होत नाही. सिम्फनी वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक निवृत्त झाला तर त्याच्यापुढचा स्वरलेखनाचा कागद दुसऱ्याच्या पुढे ठेवता येतो. चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रणात वादक रोज बदलले तरी संगीत दिग्दर्शक आणि संयोजक यांच्या हाती गाण्याचा आराखडा सुरक्षित असतो. रॉक बँडचे गाणे मात्र बहुधा कागदावर नसतेच. ते तालमीच्या खोलीत, एकाने काही वाजवले आणि दुसऱ्याने त्याला उत्तर दिले अशा देवघेवीतून उभे राहते आणि वाजवणाऱ्यांच्या हातांतच राहते.

म्हणूनच बँडमधून कोण गेले आणि कोण आले याच्या याद्या, ज्या चाहत्यांना तोंडपाठ असतात, त्या या विषयाचा केवळ वरचा थर आहेत. त्याखालचा प्रश्न असा की बँडचे वाजवण्याचे ज्ञान, त्याची ओळखीची चाल आणि त्याचा नाद, नेमके कोठे साठलेले असते : एका माणसात, दोघांमधल्या नात्यात, की सगळ्यांनी मिळून पाळलेल्या एखाद्या शिस्तीत? जाणारा माणूस ते बरोबर नेतो की मागे ठेवतो, हे ज्याला ओळखता आले तो बँड टिकला. ज्याला ओळखता आले नाही तो नाव शाबूत असूनही संपला. या म्हणण्याची पारख करण्यासाठी इंग्लंडमधील डीप पर्पल या बँडइतके संपन्न उदाहरण दुसरे नाही. त्याचे कारण असे की या बँडचे सदस्यसंच इतक्या वेळा बदलले की चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी त्यांना ‘मार्क १’, ‘मार्क २’ असे क्रमांकच देऊन टाकले. यंत्रांच्या आणि मोटारींच्या सुधारित आवृत्त्यांना इंग्लंडात जसे क्रमांक देतात तशीच ही पद्धत आहे.

या बँडची मूळ कल्पनाच अस्थिर संचाची होती. सर्चर्स या गटातून बाहेर पडलेला ड्रमवादक ख्रिस कर्टिस याला असा एक गट काढायचा होता की ज्यात मधोमध तो स्वतः राहील आणि बाकीचे वादक चक्रपाळण्यात बसावे-उतरावे तसे येत-जात राहतील. गटाचे नावही त्याने त्यावरून राउंडअबाउट असे ठेवले होते. टोनी एडवर्ड्स या व्यावसायिकाने पैसे उभे केले, पण कर्टिस स्वतःच लवकर बाजूला झाला. ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांनी ते काम पुढे नेले. बेस गिटारवर निक सिम्पर आला, गायक रॉड इव्हान्स आला आणि त्याच्या आधीच्या बँडमधला ड्रमवादक इयन पेस त्याच्याबरोबर आला. 1968 मध्ये डीप पर्पल हे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या या संचाचे ‘हश’ हे गाणे अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. यश असे दाराशी आलेले असतानाच, 1969 मध्ये, लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेस या तिघांनी ठरवले की अधिक जड, अधिक मोठ्या आवाजाचे संगीत करायचे असेल तर इव्हान्सचा मृदू गळा पुरणार नाही.

त्यानंतर जे घडले ते रॉकच्या इतिहासात पुढे अनेकदा घडले असले तरी त्यातला कठोरपणा नजरेआड करता येत नाही. एपिसोड सिक्स या गटातून इयन गिलन हा गायक आणि त्याच्यासोबत रॉजर ग्लोव्हर हा बेसवादक आणण्यात आला, आणि लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल येथे नव्या संचाच्या तालमी सुरू झाल्या, तेव्हा जुना संच अजून ठरलेले कार्यक्रम वाजवत होता. इव्हान्स आणि सिम्पर यांना या तालमींची कल्पना नव्हती. बँड ही मित्रांची टोळी असते, ही समजूत तेव्हाही रूढ होती आणि आजही आहे; पण बँड हा व्यवसायही असतो, आणि तेथे मैत्री व व्यवसाय यांच्या मधली रेघ कोणी आखून दिलेली नसते. कंपनीतल्या नोकराला निदान नोटीस मिळते. बँडच्या सदस्याला अनेकदा तेवढेही मिळत नाही, ही या संस्थेची जन्मजात उणीव आहे.

संगीताच्या दृष्टीने मात्र निर्णय अचूक ठरला. 1970 मधील ‘इन रॉक’, 1972 मधील ‘मशीन हेड’ आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओसाका व टोकियो येथील कार्यक्रमांत मुद्रित झालेला ‘मेड इन जपान’ हे या दुसऱ्या संचाचे काम आहे, आणि पुढे ज्याला हार्ड रॉक आणि हेवी मेटल म्हटले गेले त्या संगीताच्या पायाभरणीत त्याचा वाटा मोठा आहे. हा संच नेमका कशामुळे जुळला हे जवळून पाहण्यासारखे आहे. ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याची सुरुवात सर्वांच्या कानात आहे. तिला ‘रिफ’ म्हणतात. रिफ म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी आणि गाण्याचा कणा बनणारी छोटी स्वराकृती. ब्लॅकमोर ती वाजवताना नखीने तारा छेडत नाही; तो दोन तारा दोन बोटांनी एकाच वेळी उचलतो, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी, एकसंध उमटतात. आधी गिटार एकटी येते, मग हाय-हॅट ही झांजांची जोडी आणि ऑर्गन, मग उरलेले ड्रम्स आणि त्यानंतर बेस. ऑर्गनचा आवाजही नेहमीचा नाही. हॅमंड ऑर्गनला सहसा जो फिरता ध्वनिक्षेपक जोडतात त्याऐवजी लॉर्डने तो गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अँप्लिफायरमधून काढला, म्हणून त्याला गिटारसारखी खरखर आली आणि दोन वाद्ये एकमेकांत मिसळू लागली. हा नाद ब्लॅकमोरचा नाही आणि लॉर्डचाही नाही. तो दोघांच्या मधला आहे. गिलनचेही तसेच. ‘मेड इन जपान’वर गिटारने एक तान घ्यायची आणि गळ्याने तीच तान लगोलग परत करायची अशी जी झुंज ऐकू येते, तिच्यात गायक आणि वादक एकमेकांच्या सवयी किती ओळखून होते ते कळते.

याच संचाने आणखी एक शहाणपण दाखवले : गाण्यांच्या रचनेचे श्रेय पाचही जणांच्या नावे सारखे लावले. याचे महत्त्व समजण्यासाठी पैशाची व्यवस्था थोडी उलगडावी लागते. गाणे विकले गेले किंवा प्रसारित झाले की एक रक्कम वाजवणाऱ्यांना मिळते आणि दुसरी, जी अनेकदा अधिक काळ चालू राहते, ती रचनाकारांना मिळते. बँडमधल्या एक-दोघांचीच नावे रचनाकार म्हणून लागली तर बाकीच्यांचे उत्पन्न आणि त्यांचे उत्पन्न यांत काही वर्षांतच दरी पडते, आणि ड्रमवादकाने सुचवलेल्या ज्या एका ठेक्यामुळे गाणे उभे राहिले त्याचा मोबदला त्याला कधीच मिळत नाही. असंख्य बँडांच्या फुटीमागे ‘कलात्मक मतभेद’ हे जे कारण सांगितले जाते त्याच्या तळाशी हा हिशेब असतो. तरीही समान वाटणीने पर्पलचा संच वाचला नाही. सततचे दौरे, थकवा, आणि गिलन व ब्लॅकमोर यांच्यातला विकोपाला गेलेला बेबनाव यांमुळे गिलन 1973 च्या जूनमध्ये ओसाका येथील कार्यक्रमानंतर बाहेर पडला, आणि ग्लोव्हरलाही जावे लागले.

गेलेल्यांच्या जागी त्यांच्यासारखेच कोणी शोधण्याचा मोह या प्रसंगी बँडने आवरला, ही त्याच्या इतिहासातली सर्वांत समंजस गोष्ट म्हणावी लागेल. गिलनच्या टिपेच्या किंकाळीची नक्कल करणारा गायक न आणता त्यांनी रेडकार या गावी कपड्यांच्या दुकानात काम करणारा, बाहेर कोणालाच ठाऊक नसलेला डेव्हिड कव्हरडेल निवडला, ज्याचा गळा खालच्या पट्टीचा आणि ब्लूजच्या वळणाचा होता. आणि ग्लेन ह्यूज हा बेसवादक असा घेतला की जो स्वतःही उंच पट्टीत गाऊ शकत होता. एका गळ्याची जागा दोन गळ्यांनी घेतली. 1974 मधल्या ‘बर्न’मध्ये दोघे आळीपाळीने आणि एकत्र गातात तेव्हा जुन्या संचाची आठवण पुसली जात नाही, पण तिची उणीवही भासत नाही. नवा माणूस जुन्या जागेत कोंबण्यापेक्षा त्याच्यासाठी जागेचाच आकार बदलणे हे त्यांना साधले.

परंतु आकार बदलण्यालाही किंमत असते. ह्यूजला ओढ होती ती अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सोल आणि फंक संगीताची; सोल म्हणजे चर्चमधील गायनाच्या भावावेगातून आलेली गायकी, आणि फंक म्हणजे सुरावटीपेक्षा ठेक्याच्या तुटक, नाचऱ्या गुंफणीला महत्त्व देणारी शैली. बँड तिकडे झुकू लागल्यावर 1975 मध्ये ब्लॅकमोर, म्हणजे पहिला संच मोडणाऱ्या तिघांपैकीच एक, बाहेर पडला आणि त्याने रेनबो हा बँड उभा केला. त्याच्या जागी आलेला अमेरिकन गिटारवादक टॉमी बोलिन प्रतिभावान होता आणि त्याच्यासह झालेला ‘कम टेस्ट द बँड’ हा संग्रह आज ऐकताना वाईट मुळीच वाटत नाही. पण त्यात लॉर्डच्या ऑर्गनला जो जोडीदार लागत होता तो उरला नव्हता. व्यसनांनी पोखरलेला तो संच 1976 च्या मार्चमध्ये लिव्हरपूल येथील कार्यक्रमानंतर संपला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलिन वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी मायामी येथे मरण पावला. या मृत्यूची नोंद संचांच्या क्रमांकांत करून पुढे जाणे योग्य नाही. एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या जागी उभे राहणे, रोज रात्री त्याच्याशी तुलना सोसणे आणि प्रेक्षकांतून त्याच्या नावाचा पुकारा ऐकणे, हा भार किती असतो याची जाणीव सदस्यबदलांच्या चर्चेत क्वचितच ठेवली जाते.

बँड नसताना त्याच्या नावाचे काय होते याचेही उत्तर याच इतिहासात मिळते. 1980 मध्ये मूळ गायक रॉड इव्हान्स काही अनोळखी वादकांना घेऊन अमेरिका खंडात डीप पर्पल याच नावाने कार्यक्रम करू लागला. पहिल्या संचाचा गायक होता म्हणून त्याचा दावा भावनिकदृष्ट्या अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण नाव ही कायद्याने मालमत्ता असते आणि त्या मालमत्तेत त्याचा भाग राहिला नव्हता. न्यायालयाने 6 लाख 72 हजार डॉलरांची भरपाई ठरवली आणि इव्हान्स संगीताच्या जगातून कायमचा दिसेनासा झाला. पुढे 2016 मध्ये अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने बँडचा गौरव केला तेव्हा इव्हान्सचे नाव सन्मानितांत होते, मात्र त्याच्याबरोबर काढलेल्या सिम्परचे नव्हते. आणि तोवर वीसहून अधिक वर्षे बँडमध्ये गिटार वाजवत असलेल्या स्टीव्ह मोर्सचेही नव्हते. खरा सदस्य कोण हे न्यायालय एका कसोटीने ठरवते, संस्था दुसऱ्या कसोटीने आणि श्रोता तिसऱ्याच कसोटीने.

मोर्सची गोष्ट या तिसऱ्या कसोटीची आहे. 1984 मध्ये दुसरा संच पुन्हा एकत्र आला, जुने बेबनावही परतले, आणि 1993 च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकमोर ऐन दौऱ्यात बँड सोडून गेला. जपानमधले ठरलेले कार्यक्रम गिटारवादक जो सॅट्रियानी याने निभावून नेले. त्यानंतर 1994 मध्ये आलेल्या मोर्सच्या बाबतीत बँडने पुन्हा तेच केले जे वीस वर्षांपूर्वी केले होते : त्याला ब्लॅकमोर व्हायला सांगितले नाही. 1995 मध्ये डीप पर्पल भारतात आला तेव्हा इथल्या रसिकांनी, ज्यांच्याकडे ‘मेड इन जपान’च्या घासून झिजलेल्या कॅसेट होत्या, ब्लॅकमोरऐवजी याच मोर्सला ऐकले. 2002 मध्ये लॉर्ड निवृत्त झाला, डॉन एअरी आला. 2022 मध्ये मोर्स पत्नीच्या आजारपणामुळे थांबला, सायमन मॅकब्राइड आला. आरंभापासून आजवर प्रत्येक संचात असलेला एकच माणूस म्हणजे ड्रमवादक इयन पेस. ही गोष्ट योगायोगाची नाही. गायक आणि गिटारवादक यांच्याकडे श्रोत्याचे लक्ष असते, पण नव्या माणसाला बँडमध्ये रुळवण्याचे काम प्रत्यक्षात ठेका करतो. पेसचा हलका, जॅझच्या संस्कारातून आलेला, किंचित झुलता ठेका तोच राहिल्यामुळे त्यावर येऊन उभा राहणारा प्रत्येक जण थोड्याच दिवसांत पर्पलसारखा वाजू लागतो.

मराठी रसिकाला या सगळ्यात संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि 1918 मध्ये त्याच किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी चिंतामणराव कोल्हटकर यांच्यासह बळवंत संगीत मंडळी उभारली. नावावरचा हक्क, मानधनाचा वाद, प्रमुख नटाभोवतीचा प्रेक्षकांचा लोभ, सगळे तेच आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ‘सौभद्र’ची संहिता आणि पदे नटांच्या बाहेर, छापील स्वरूपात, अस्तित्वात होती, नट गेला तरी भूमिका राहत होती. रॉक बँडमध्ये भूमिका आणि नट यांची अशी फारकत झालेली नसते, म्हणून येणाऱ्याला आधी भूमिकाच घडवावी लागते.

ती घडवू दिली नाही तर काय होते हे मेटालिका या अमेरिकन बँडने दाखवले. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून बेसवादक क्लिफ बर्टन ठार झाला, आणि पुढच्याच महिन्यात जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी उभा राहिला. शोक करायला बँडने स्वतःला वेळच दिला नाही. तो शोक मग नव्या माणसावर निघाला. 1988 मधल्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या संग्रहात बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, हे कोणत्याही साध्या ध्वनियंत्रावर पडताळून पाहता येते. चौदा वर्षे राहूनही न्यूस्टेड ‘नवा’च राहिला आणि 2001 च्या जानेवारीत निघून गेला. त्यानंतरच्या पडझडीचे चित्रण ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या 2004 मधील माहितीपटात आहे. रॉबर्ट ट्रुहियो याला 2003 मध्ये बँडने घेतले तेव्हा भागीदारीची आगाऊ रक्कम म्हणून दहा लाख डॉलर देऊ केले, तो प्रसंग पडद्यावर पाहताना असे वाटते की हा देकार जितका ट्रुहियोला होता तितकाच तो न्यूस्टेडबद्दलच्या अपराधभावातून आलेला होता.

सदस्यबदलाची परिसीमा पाहायची तर बर्मिंगहॅमच्या परिसरातून आलेल्या नेपाम डेथ या बँडकडे वळावे लागते. ग्राइंडकोअर, म्हणजे पंकचा उद्रेक आणि मेटलची घनता एकत्र करून अतिवेगाने वाजवलेली, अनेकदा काही सेकंदांत संपणारी गाणी, या प्रकाराचा पाया मानला जाणारा त्यांचा ‘स्कम’ हा संग्रह 1987 मध्ये निघाला. त्याची एक बाजू 1986 मध्ये आणि दुसरी 1987 मध्ये मुद्रित झाली, आणि दोन्ही बाजूंवर वाजवणारा माणूस एकच आहे : ड्रमवादक मिक हॅरिस. गिटार, बेस, गायन सगळे बदलले तरी तबकडी उलटल्यावर बँड बदलल्यासारखे वाटत नाही, कारण ‘ब्लास्ट बीट’ हा स्नेअर, पायाचा ड्रम आणि झांज अखंड, अतिवेगाने बडवण्याचा ठेका तोच आहे. परंतु 1991 मध्ये हॅरिसही गेला आणि बँड तरीही राहिला. 1987 पासून असलेला शेन एम्बरी, नंतर आलेला गायक बार्नी ग्रीनवे आणि हॅरिसच्या जागी आलेला डॅनी हरेरा यांनी तो आजवर चालवला. संस्थापकांपैकी एकही जण त्यात नाही, पण संगीताचा वेग, राजकीय भूमिका आणि तडजोड न करण्याचा बाणा शाबूत आहे. येथे ज्ञान माणसांतून शिस्तीत उतरले. शिवाय गेलेल्यांनी जे उभे केले तेही लहान नाही. जस्टिन ब्रॉडरिकने गॉडफ्लेश, ली डोरियनने कॅथीड्रल असे बँड काढले, आणि बिल स्टीअर आपल्या कारकासमध्ये रमला. एका गळक्या बँडमधून मेटलच्या तीन वेगळ्या शाखा निघाल्या, तेव्हा सदस्यांची गळती हे केवळ नुकसान मानता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला फ्लोरिडातील डेथ हा बँड आहे. चक शुल्डिनर याने 1987 ते 1998 या काळात काढलेल्या सात संग्रहांपैकी कोणत्याही दोहोंवर तोच संच नाही. प्रत्येक वेळी त्याने त्या रचनांना हवे तसे वादक मिळवले, त्यांच्याकडून शिकला आणि पुढे गेला. ज्ञान एकाच माणसात होते, म्हणून 2001 च्या डिसेंबरमध्ये तो कर्करोगाने गेला तेव्हा बँडही त्याच दिवशी संपला.

मुंबईतल्या मेटल बँडांची वाट बहुधा या दुसऱ्या प्रकाराने गेली, आणि त्यामागे स्वभावापेक्षा परिस्थिती अधिक आहे. 2000 मध्ये साहिल मखिजा यांनी सुरू केलेला डीमॉनिक रिझरेक्शन हा बँड आरंभापासून सोबत असलेला सदस्य म्हणजे मखिजा स्वतःच, असा चालत आला. त्याच अवस्थेत त्याने युरोपातील महोत्सवांत हजेरी लावली आणि 2017 मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेला ‘दशावतार’ हा संग्रह काढला. इथे वादक जातो तो दुसऱ्या बँडकडे क्वचितच. तो नोकरीकडे, उच्च शिक्षणासाठी परदेशाकडे किंवा चित्रपट आणि जाहिरातींच्या वादनाकडे जातो, कारण मूळ रचनांच्या मेटलवर घरभाडे निघत नाही. तासावर भाड्याने घेतलेल्या तालमीच्या खोलीत महिन्यातून मोजक्या वेळा भेटणाऱ्या चौघांत तो नाद कसा रुजावा, ज्यासाठी पेस आणि लॉर्ड यांना रोजचा सहवास मिळाला होता? परिणाम असा की ज्याच्या घरी संगणक आहे आणि जो रचना शेवटपर्यंत नेतो त्याच्याकडे बँडची सारी स्मृती गोळा होते, आणि बाकीचे येणारे-जाणारे ठरतात. मखिजा यांनी डीमनस्टीलर या आपल्या स्वतंत्र प्रकल्पात ही स्थिती उघडपणे स्वीकारली. 2016 मधील ‘धिस बर्डन इज माइन’ या संग्रहावरचे ड्रम्स ग्रीसच्या जॉर्ज कोलायस याने वाजवले आहेत.

अशा वेळी इथल्या बँडांची कोणती गाणी कोणत्या संचाने, कोणाच्या सूचनेने आणि कोठे घडवली याची नोंद ठेवणे तातडीचे झाले आहे. पर्पलच्या हॅनवेलमधल्या तालमींची माहिती पन्नास वर्षांनंतरही मिळते. मुंबई-पुण्यातल्या किती बँडांचे पहिले ड्रमवादक कोण होते हे आज त्यांच्याच नव्या सदस्यांना विचारले तर सांगता येईल, हा प्रश्न आहे. ते वादक अजून हयात आहेत, बहुतेक चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांच्याकडे कार्यक्रमांची पत्रके आणि तालमींच्या कॅसेट आहेत, आणि त्या कॅसेटवरची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होत आहे. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी हे काम हाती घ्यावे, आणि मुलाखती घेताना गायकापासून नव्हे, ड्रमवादकापासून सुरुवात करावी.